साडू, गळ आणि उणे पाणी

भिगवणमध्ये घर असण्याचे तोटे पुण्यातल्या नातेवाइकांना कळत नाहीत. हिवाळ्यात त्यांना फ्लेमिंगो बघायचे असतात आणि उन्हाळ्यात मासे धरायचे असतात. पक्षी बघणारा निदान संध्याकाळी परत जातो. मासे धरणारा मुक्कामाला असतो.

आमच्या साडूंनी बँकेतून निवृत्त झाल्यावर गळाचा नाद लावून घेतला. रीळवाली काठी मागवली, खिसेच खिसे असलेलं जाकीट घेतलं आणि मे महिन्यात फोन केला, "उजनी धरण किती टक्के?"

"उणे वीस."

पलीकडे सन्नाटा. "म्हणजे पाणीच नाही?"

"आहे की. पन्नासच्या वर टीएमसी आहे."

हे बाहेरच्याला पटवणं अवघड. उजनीत एकूण मावतं 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातलं जवळजवळ 64 मृतसाठ्यात, म्हणजे तळाला हिशेबाबाहेर धरलेलं, आणि टक्के मोजायचे ते वरच्या 53 चे. त्यामुळे शून्य टक्क्यालाही समोर नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी. 2024 च्या उन्हाळ्यात आकडा उणे साठाच्या आसपास गेला, तरी होड्या चालूच होत्या. साडूंनी क्षणभर विचार केला. "कळलं. मिनिमम बॅलन्स गेला, पण खातं चालू आहे." आणि शनिवारी हजर.

"आपण नियमाने बसायचं," हा त्यांचा पहिला हट्ट. ठेके, परवाने, मच्छीमार संस्था हे सगळं जाळं टाकून पोट भरणाऱ्यांसाठी. हौशी गळवाल्याचं काय करायचं हे कुणालाच सुचेना. एका कचेरीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीतले साहेब साइटवर. शेवटी तिथल्या शिपायानेच सुनावणी घेतली.

"सुरुंग लावणार?"

"छे हो!"

"पाण्यात विष?"

"अहो, त्याला तर 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे!" साडू वाचून आले होते.

"वडाप?"

"ते काय असतं?"

"बारीक आसाचं जाळं. बोटाएवढं पिल्लूसुद्धा सुटत नाही."

"आमच्याकडे एक काठी, तिला एक गळ."

शिपायाने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "मग तुम्हाला काय लागणारे! संस्थेच्या चेअरमनला विचारा आणि बसा."

चेअरमन हसले आणि हो म्हणाले.

पाणी हटलं की काठाला गाळ उरतो. वरून वाळून भेगाळलेला, आत लोण्यासारखा मऊ. साडूंचा डावा पाय पोटरीपर्यंत गेला. पाय निघाला, बूट नाही निघाला. तशाच अवस्थेत त्यांनी आमिष मळायला घेतलं. शेंगदाण्याची पेंड, ब्रेड आणि वर आमच्या डब्यातला अर्धा हिंग. "कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाला," ते समजावत होते. थिअरी बरोबर आहे. फक्त उजनीत तिन्ही मजल्यांवर चिलापी (तिलापिया) राहते.

पहिल्याच फेकीला काठी वाकली. साडू ओरडले, रीळ कुरकुरलं, आणि काठावरच्या उसातून आवाज आला, "ओ पाव्हणं, सोडा! मोटारीची केबल हाय, करंट हाय त्यात!" पाणी जसं मागे जातं तसे शेतकरी पंप पुढे सरकवतात, तेव्हा काठाला माशांपेक्षा वायरीच जास्त. (त्या शेतकऱ्याने मग आम्हाला चहा पाजला. शिव्या आधी देऊन झाल्या होत्या.)

"पाणी एवढं हिरवं कसं?" चहा पिताना साडूंनी विचारलं.

"तुमच्याकडूनच येतं. मुळा-मुठा भीमेत, भीमा उजनीत. तुमचं सिंक, तुमचं बेसिन, सगळं इथेच."

त्यांनी कपातल्या चहाकडे जरा वेळ पाहिलं.

दुपारी एकदाचा मासा लागला. काळपट, अंगभर ठिपके, खरखरीत चिलखत, खाली चिकटलेलं तोंड. साडूंनी फोटो काढून घेतला आणि मोठ्या मनाने म्हणाले, "याला आपण सोडून देऊ."

"सोडताय कुठं!" होडीतले मामा ओरडले. "सकर हाय तो! कुणीतरी काचेच्या पेटीतनं आणून पाण्यात सोडला, आता आमची जाळी फाडतोय. टाका काठावर."

मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पेटीतली शेवाळ खायला दुकानात विकतात तो हा. साडूंचा चेहरा पडला. त्यांच्या हॉलमधल्या पेटीतला असाच एक मासा मोठा झाल्यावर कुठे गेला, हे मी मामांसमोर विचारलं नाही.

रात्री चिलापीचं कालवण ओरपत ते म्हणाले, "दिवाळीनंतर येतो. तेव्हा शंभर टक्के असेल ना?"

"दौंडचा विसर्ग कसा येतो त्यावर आहे," मी म्हणालो. "पण भरल्यावर पाणी थेट उसाच्या बांधाला लागतं. काठी फिरवायलाही जागा नसते."

आतून बायकोचा आवाज आला, "या की दाजी. फक्त तोवर तिकडे साबण जरा बेतानं वापरा."