आधी गाड्या मोजा, मग पावती फाडा

"गावात दोन रस्ते धड नाहीत, आणि गाडी लावायला पैसे?" अण्णांनी पहिला बार उडवला. बाजारपेठेतल्या सार्वजनिक पार्किंगला दर लागणार, ही कुणकुण कट्ट्याच्या आधी अण्णांना लागली होती. लागणारच, कारण त्यांचं दुकान त्या पार्किंगच्या तोंडावरच आहे. "लहान गावात गिऱ्हाईक येतं ते गाडी दारात उभी करता येते म्हणून. पैसे मागा, की ते गावाबाहेरच्या मोठ्या दुकानात गेलंच समजा. तिथे अख्खं मैदान फुकट आहे."

"फुकट काही नसतं अण्णा," ताई म्हणाल्या. त्यांची उभी हयात पालिकेच्या लेखा विभागात गेली आहे. "डांबर, पट्टे, दिवे, झाडलोट, याचे पैसे कोणीतरी भरतंच. ज्याच्या दारात सायकलसुद्धा नाही तोही भरतो. आणि तो मोठा दुकानदारही मैदानाचा खर्च मालाच्या किमतीतूनच काढतो."

मास्तरांनी गणित शिकवणं सोडलं, पण गणिताने मास्तरांना सोडलेलं नाही. "एका गाडीला साधारण 2.5 बाय 5 मीटर जागा. आत-बाहेर करायची वाट धरली की 25 चौरस मीटरच्या घरात जाते. ऐन पेठेत एवढ्या जागेला भाडं किती पडेल, ते अण्णांनीच सांगावं."

अण्णांनी ते सांगितलं नाही. त्यांनी हुकमाचं पान टाकलं. "वेल्समधलं कार्डिगन. वस्ती 4,000च्या आसपास, म्हणजे गावच. 2015 साली कोणीतरी तिथल्या पार्किंगची तिकीट मशीन फोडली. दुरुस्त होईपर्यंत गाड्या फुकट लागायला लागल्या, आणि दुकानदार सांगायला लागले, धंदा वाढला! पालिकेला जे उमगलं नाही ते मशीन फोडणाऱ्यांनी शिकवलं."

हे उदाहरण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. लहान गावातलं गिऱ्हाईक फार पातळ असतं. चार माणसं कमी आली तरी गल्ल्यावर दिसतं. शिवाय कित्येक गावांत पार्किंग अर्धं रिकामं असताना दर लावलेला असतो, का तर शेजारच्या शहरात आहे म्हणून. तिथे दर म्हणजे आलेल्या माणसाला दारातून परत पाठवणं.

पण मास्तरांचा प्रश्न वेगळा होता. "तुमच्या पार्किंगमध्ये सकाळी अकराला किती जागा रिकाम्या असतात?"

"एकही नसते. तेच तर म्हणतोय, जागा वाढवा."

"मग फुकट ठेवून काय होतंय? जो पहिला आला तो दिवसभर राहिला. तुमचं गिऱ्हाईक तीन चकरा मारून निघून जातं, त्याने पैसे वाचवले म्हणून खूश व्हायचं का? जगातलं पहिलं पार्किंग मीटर, म्हणजे नाणं टाकून गाडी लावायचं यंत्र, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बसलं, 16 जुलै 1935 ला, तासाला 5 सेंट. का बसवलं? आसपास कामाला येणारी माणसं सकाळी गाड्या लावून जायची, त्या संध्याकाळपर्यंत हलायच्या नाहीत आणि खरेदीला आलेल्यांना जागा मिळायची नाही. ओरड दुकानदारांची होती, अण्णा. मीटर तुमच्याच भाईबंदांसाठी आलं."

"तेव्हा बायपास नव्हता," अण्णा म्हणाले. उत्तर वाईट नव्हतं.

इतका वेळ गप्प असलेला धाकटा इथे बोलला. हा दिवसभर माल पोचवत फिरतो, त्यामुळे कुठल्या गल्लीत केव्हा टेम्पो घुसतो हे त्याला पालिकेपेक्षा जास्त कळतं. "मी सांगू? सकाळी साडेनऊला जा, अर्धं पार्किंग भरलेलं असतं. त्या वेळी गिऱ्हाईक कुठलं? शटर नुकती वर जात असतात. त्या सगळ्या गाड्या दुकानदारांच्या आणि त्यांच्याकडे कामाला येणाऱ्यांच्या. अण्णा, रागावू नका, पण तुमची पांढरी गाडी पहिल्याच पट्ट्यात असते."

"मला माल आणायला लागते."

"दिवसभर?"

मास्तरांना आता कोणी आवरणार नव्हतं. दुकान दहा तास उघडं. गिऱ्हाईक सरासरी 40 मिनिटं थांबतं असं धरलं, तर एका जागेवर दिवसात 15 गाड्या लागू शकतात. तिथे मालकाची गाडी उभी असेल तर एक. "कागदावर पंधरा," अण्णा फणकारले. "बरं, निम्म्या धरा," मास्तर म्हणाले. "सात गिऱ्हाइकं रोज तुम्ही स्वतःच्या गाडीने अडवताय, आणि दोष तीन आण्याच्या पावतीला."

वादाची मेख इथेच आहे असं मला वाटतं. लहान गावात दराला सर्वांत मोठा विरोध व्यापाऱ्यांचा असतो, आणि जागा अडवून ठेवणाऱ्यांतही तेच पुढे असतात. त्यात लबाडी नसते. आपली गाडी ही आपल्याला गर्दी वाटतच नाही. गिऱ्हाइकाबद्दलचा अंदाजही असाच चुकतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये 2006 साली एका पेठेतल्या दुकानदारांना विचारलं होतं, तुमची किती गिऱ्हाइकं गाडीने येतात? त्यांचा अंदाज होता 41 टक्के. गिऱ्हाइकांनाच विचारलं तेव्हा निघाली 22 टक्के. मी हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "पण गाडीवाला पिशव्या भरून नेतो." तेही असेल. आपल्या पेठेत तरी कोणी मोजलंय?

"दर किती, हा प्रश्न मोजणीनंतरचा," मास्तर म्हणाले. त्यांचा आधार डोनाल्ड शूप यांचा. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले हे प्राध्यापक अख्खं आयुष्य पार्किंगवर लिहीत राहिले. त्यांचं सांगणं थोडक्यात असं: साधारण 85 टक्के जागा भरलेल्या राहतील, म्हणजे सात-आठांत एखादी मोकळी असेल, इतपत दर ठेवा. त्याहून जास्त भरत असतील तर वाढवा, बऱ्याच रिकाम्या राहत असतील तर उतरवा. 40 गाड्यांच्या पार्किंगमध्ये सहा जागा कायम मोकळ्या दिसल्या पाहिजेत.

"उतरवतो कोण? एकदा लावलेला दर उतरलेला मी पाहिला नाही," अण्णा म्हणाले.

सॅन फ्रान्सिस्कोत उतरला, हे मला ठाऊक होतं. 2011 पासून तिथे काही भागांत गल्लीगणिक आणि वेळेगणिक दर ठरायला लागले. गर्दीच्या तुकड्यात चढला, ओस तुकड्यात तासाला 25 सेंटपर्यंत खाली आला, आणि सगळ्याची सरासरी काढली तर आधीपेक्षा थोडी कमीच भरली. अर्थात तिथे जमिनीत सेन्सर बसवले होते. लहान गावाने तसलं काही करू नये. वहीपेन्सिल घेऊन दर तासाला एक फेरी मारली तरी पुरतं, फक्त बाजाराचा दिवस, साधा दिवस आणि सुटीचा दिवस तिन्ही मोजायला हवेत. नुसत्या गाड्या मोजूनही भागत नाही. नंबराचे शेवटचे आकडे टिपले तर तीच गाडी किती तास हलली नाही ते कळतं, आणि खरी गोम त्यात असते.

दराची रचना काय असावी यावर मात्र कट्टा फुटला. अण्णांचं म्हणणं, पहिला अर्धा तास फुकट. ऐकायला छान. ताईंनी हिशेब मांडला: अर्धा तास मोजायचा म्हणजे गाडी आली त्या वेळेची पावती द्यावी लागणार, म्हणजे माणूस किंवा मशीन आलंच. खर्च पूर्ण, वसुली शून्य. वर एकतिसाव्या मिनिटाला भांडण. त्यांच्या मते पहिला तास अगदी किरकोळ, दुसरा तेवढाच आणि तिसऱ्यापासून चटका बसेल असा दर. दिवसभराचा एकच सवलतीचा दर तर नकोच, कारण ज्याला लांब पाठवायचं त्यालाच जवळ थांबायचं आमंत्रण मिळतं. मासिक पासचंही तेच. पास द्यायचा तर पेठेच्या मागच्या मैदानाचा.

मी अर्ध्या तासाच्या बाबतीत अण्णांच्या बाजूचा आहे. औषध घेऊन दहा मिनिटांत निघणाऱ्याकडून पावतीसाठी सुटे मागणं हा लहान गावात अपमान समजला जातो, आणि तो माणूस पेठभर सांगत सुटतो. तेवढा खर्च पालिकेने सोसावा.

"आणि जिथे गर्दी फक्त दोन-तीन तासांची, तिथे?" धाकट्याने विचारलं. तिथे दराची गरजच नाही, यावर विशेष म्हणजे सगळ्यांचं एकमत झालं. दोन तासांची मर्यादा घाला आणि ती पाळून घ्या. वसुलीचा माणूस, मशीन, दुरुस्ती, तंटे यांचा खर्च जमा होणाऱ्या रकमेला गिळत असेल तर दर कशासाठी? लहान गावांत हे सहज होतं, कारण गाड्या मोजक्या आणि पगार मात्र पूर्ण. फक्त ॲपवर पैसे भरा हा स्वस्त तोडगा सुचवणाऱ्यांनी आधी आपल्या आईला तो वापरून दाखवायला सांगावं.

ठेक्याचा विषय निघाला तेव्हा ताईंचा आवाज चढला. "वर्षाची ठोक रक्कम भरून ठेका दिला की संपलं. ठेकेदाराला मोकळ्या जागेशी काय देणंघेणं? तो दोन गाड्यांच्या मध्ये तिसरी घुसवणार. रक्कम वसूल करायची म्हणून दर फिरवणार, पावती देणार नाही. आणि गाड्या मोजल्याच तर तो आकडा पालिकेला कधी कळणार नाही. त्यापेक्षा जमा सगळी पालिकेची आणि वसुली करणाऱ्याला ठरलेला मेहनताना, हे बरं."

"म्हणजे तिजोरी भरायचीच आहे ना तुम्हाला!" अण्णा.

"तिजोरीसाठी दर लावला की घात होतो, हे मीच म्हणतेय. लंडनच्या बार्नेटमध्ये नगर परिषदेने रहिवाशांच्या पार्किंग परवान्याचा दर 40 पौंडांवरून थेट 100 वर नेला. 2013 मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. तिथला 1984 चा कायदा वाहतुकीच्या नियमनासाठी आहे, उत्पन्न वाढवण्यासाठी नाही, असं सांगून. पार्किंगच्या पैशावर दुसरे खर्च भागवायची सवय लागली, की मोकळी जागा दिसली तरी दर उतरवायला हात धजत नाही."

मग पैसे जायचे कुठे? कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाने 1993 मध्ये जुन्या पेठेत मीटर लावले, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनाही ते नकोच होते. मीटरचा पैसा त्याच पेठेच्या पदपथांवर, झाडांवर, सफाईवर खर्च करायचा असं ठरलं तेव्हा गाडी रुळावर आली. हे ऐकताना अण्णा पहिल्यांदा नीट सावरून बसले. पेठेतला दिवा गेला की तो लागायला किती काळ जातो, यावर त्यांनी दहा मिनिटं घेतली. ती मी इथे गाळतो.

"मागच्या मैदानात दिवे लावा, वाट नीट करा, ते फुकट ठेवा," अण्णा शेवटी म्हणाले. "मग माझी गाडी तिकडे. कामावरच्या पोरांच्याही तिकडे."

"आणि गल्ल्यांचं काय?" धाकट्याने मोडता घातला. "पेठेत पैसे लागले की निम्मे लोक शेजारच्या आळीत लोकांच्या फाटकासमोर लावणार. शिव्या मग मालवाल्याला बसतात. माझ्या टेम्पोला सकाळी तासभर एक पट्टा मोकळा ठेवा, तोही कागदावर लिहून."

दोन्ही मागण्या रास्त होत्या, आणि आळीतल्या गाड्याही मोजणीत धरायच्या असं ठरलं. मोजायला अण्णांनी दुकानातला एक मुलगा द्यायची तयारी दाखवली. ताई म्हणाल्या, "मुलगा चालेल. फक्त मोजणीच्या दिवशी तुमची गाडी नेहमीच्या जागीच असू द्या. एरवी जसं असतं तसंच मोजायचंय."