वेगासाठी ३३८९ पोर्ट उघडायला सांगणारा तो फॉरवर्ड

सांगलीत सीएची प्रॅक्टिस करणाऱ्या माझ्या मावसभावाने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "राउटरवाल्याला बोलावून पोर्ट उघडून घेऊ ना?" फॉरवर्डचं म्हणणं असं: ब्राउझरमधलं रिमोट डेस्कटॉप (दूरच्या संगणकाची स्क्रीन इथून चालवणं) जावास्क्रिप्टमुळे नेटिव्ह क्लायंटपेक्षा, म्हणजे संगणकावर बसवलेल्या प्रोग्रॅमपेक्षा, दहापट हळू चालतं, ब्राउझरला यूडीपी (हरवलेल्या पॅकेटसाठी न थांबता डेटा पाठवण्याची पद्धत) जमत नाही, वर रॅम खातो, तेव्हा राउटरवर ३३८९ पोर्ट (बाहेरून आत यायचं क्रमांकाचं दार) उघडा आणि विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने थेट जोडा.

आधी शेवटचा सल्ला, कारण नुकसान तिथेच आहे. ३३८९ हा आरडीपीचा, म्हणजे विंडोजचं रिमोट डेस्कटॉप ज्या भाषेत बोलतं तिचा, ठरलेला पोर्ट. तो इंटरनेटवर उघडा ठेवला की पासवर्ड लावून बघणारे बॉट रात्रंदिवस दार वाजवत बसतात. पासवर्ड भक्कम आहे म्हणता? मे २०१९ मध्ये उघड झालेल्या 'ब्लूकीप' या त्रुटीत लॉगिनच्या आधीच मशीन ताब्यात घेता येत होतं. प्रकार इतका गंभीर होता की सपोर्ट केव्हाच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने पॅच काढला. आता त्या ऑफिसात कोपऱ्यातला जुना विंडोज ७ पीसी आहे, त्यावर टॅलीचा डेटा, अशिलांचे पॅन, बँक स्टेटमेंट्स. तिथे पोर्ट उघडायचा, आणि तोही माउस जरा सुळकन फिरावा म्हणून! नेटिव्ह क्लायंट हवाच तर खुशाल वापरा, पण व्हीपीएनच्या, म्हणजे ऑफिसपर्यंतच्या खासगी बंदिस्त मार्गाच्या, आतून.

आता 'दहापट'. कुठला क्लायंट, कुठल्या लाइनवर मोजला, याचा पत्ता नाही. अपाचे ग्वाकामोली या ब्राउझरातून रिमोट डेस्कटॉप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल उघडा. तिथे स्पष्ट लिहिलंय की त्यांच्या वेब ॲप्लिकेशनला आरडीपी किंवा व्हीएनसी (रिमोट डेस्कटॉपचीच दुसरी भाषा) कळतच नाही. ते काम सर्व्हरवरचा 'ग्वाकडी' नावाचा प्रोग्रॅम करतो आणि ब्राउझरकडे चित्रं आणि रेखाटनाच्या सूचना पाठवतो. म्हणजे स्क्रीन रखडली तर जावास्क्रिप्टला शिव्या देण्याआधी त्या सर्व्हरचा सीपीयू बघा, आणि ऑफिसच्या नेटचा अपलोड बघा. डाउनलोड नव्हे, अपलोड. स्क्रीन तिकडून इकडे येते. तो तुटपुंजा असेल तर नेटिव्हसुद्धा रडणारच. नोव्हीएनसी या ब्राउझरात चालणाऱ्या व्हीएनसी क्लायंटमध्ये मात्र चित्र उलगडण्याचं काम खरंच ब्राउझरातलं जावास्क्रिप्ट करतं, पण टॅलीत व्हाउचर टाकताना स्क्रीनचा बदलतो केवढासा भाग?

यूडीपीचं म्हणणं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. ग्वाकामोली आणि नोव्हीएनसी वेबसॉकेटवर (ब्राउझर आणि सर्व्हरमधली उघडी राहणारी जोडणी) चालतात आणि वेबसॉकेट टीसीपीवर, म्हणजे सगळं क्रमाने पोचवणाऱ्या पद्धतीवर. एक पॅकेट हरवलं की मागची सगळी खोळंबतात. विंडोजच्या क्लायंटला २०१२ च्या आरडीपी ८ पासून यूडीपी वापरता येतं, त्यामुळे खराब मोबाइल नेटवर किंवा व्हिडिओ बघताना तो पुढे राहतो. पण 'ब्राउझरला जमत नाही' हे खोटं. क्रोम रिमोट डेस्कटॉप ब्राउझरातच वेबआरटीसीवर (ब्राउझरातल्या व्हिडिओ कॉलचं तंत्र) चालतं, आणि वेबआरटीसी शक्य तिथे यूडीपीच वापरतं.

ब्राउझरच्या खऱ्या अडचणी फॉरवर्डवाल्याला सुचल्याच नाहीत. पलीकडच्या मशीनवर कंट्रोल-डब्ल्यू दाबायला जावं तर इकडचा टॅबच बंद होतो. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन हातात घेऊन बसलेल्या सीएला विंडोजच्या क्लायंटमधून ते टोकन स्मार्ट कार्ड म्हणून पलीकडे नेता येतं, ब्राउझरमध्ये ती सोय सहसा नसते. नेटिव्ह घ्यायला एवढं कारण पुरेसं आहे.

आणि रॅम? खातो ब्राउझर. आधी बाकीचे टॅब बंद करा.