जबड्यात बसलेला दात अस्सलच असतो म्हणे!

भाच्याला जीवाश्मांचं वेड आहे. परवा त्याने ‘समुद्री डायनोसॉरचा खरा दात ओळखण्याच्या पाच खुणा’ असा एक फॉरवर्ड पाठवला. खाली प्रश्न: “मावशी, मग जबड्यासकट मिळतो तोच घेऊ ना?” नको रे बाबा. आता हा मेसेज नीटच सोलते.

शीर्षकापासूनच घोळ आहे. मोसासॉर, प्लेसिओसॉर, इक्थिओसॉर हे प्राचीन काळचे समुद्रात राहणारे सरपटणारे प्राणी, डायनोसॉर नव्हेत. मोसासॉर तर सरडे आणि सापांच्या गोतावळ्यातले. यादीत मेगॅलोडॉनही घुसडलाय. तो शार्क, म्हणजे मासा!

‘दात जितका काळा तितका जुना.’ साफ खोटं. दात ज्या गाळात गाडला गेला त्यातली खनिजं रंग ठरवतात. मोरोक्कोच्या फॉस्फेट खाणींतले मोसासॉरचे दात ६.६ कोटी वर्षांहून जुने, तरी पिवळसर-तपकिरी. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनाच्या नद्यांतले मेगॅलोडॉनचे दात वयाने कितीतरी लहान, आणि बरेचसे काळेकुट्ट.

‘जिभेला चिकटला तर खरा.’ चिकटतं ते सच्छिद्र हाड, दातावरचं गुळगुळीत कठीण आवरण, म्हणजे इनॅमल नाही. पुढे.

‘व्हिनेगर टाका, फसफसलं की अस्सल.’ फसफसतो तो दगडातला चुना. इनॅमल फॉस्फेटचं असतं, ते फसफसून साक्ष देत नाही, आम्लाने खराब मात्र होतं. म्हणजे खरा दात असेल तर तोही घालवून बसाल.

‘तापलेली सुई लावा, प्लास्टिकचा वास आला तर नकली.’ यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. पूर्ण रेझिनचा (प्लास्टिकसारख्या कृत्रिम राळेचा) साचेबंद दात असा पकडता येतो. पण तेवढ्यासाठी दात डागायची गरज नाही, भिंगाखाली हवेचे बारीक बुडबुडेही दिसतात.

आता ती पाचवी खूण: ‘खडकात किंवा जबड्यात बसलेला दात शंभर टक्के खरा.’ फसवणुकीचा सगळा धंदा याच समजावर चालतो. मोसासॉरचे दात आयुष्यभर पडत आणि नवे येत, त्यामुळे खाणींत सुटे दात भरपूर. अखंड जबडा मात्र दुर्मीळ. मग खरेच दात घ्यायचे, कुठल्यातरी हाडाच्या तुकड्यावर ओळीने बसवायचे आणि वाळू व गोंदाच्या लगद्याने सांधायचे. दात खरे, जबडा बनावट. इथे ती सुई काय पकडणार?

या पेचातून तज्ज्ञही सुटलेले नाहीत. २०२१ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ निकोलस लॉंगरिच आणि सहकाऱ्यांनी मोरोक्कोतल्या एका जबड्यावरून ‘झेनोडेन्स’ नावाचा, शार्कसारख्या पातीदार दातांचा मोसासॉर जाहीर केला. २०२४ मध्ये हेन्री शार्प, मार्क पॉवर्स आणि मायकेल कॉल्डवेल यांनी ‘द अ‍ॅनाटॉमिकल रेकॉर्ड’मध्ये त्याच नमुन्यावर शंका घेतली. मोसासॉरचा प्रत्येक दात स्वतःची खोबण स्वतः घडवतो, आणि इथे एकाच खोबणीत दोन दात! नमुना बनावट असू शकतो, सीटी स्कॅन करा, असं त्यांचं म्हणणं. जिथे तज्ज्ञ स्कॅन मागतात तिथे आमचा मेसेज शंभर टक्के हमी देतो.

दात कोणाचा हे ओळखायचं तर आकार बघा. मोसासॉरच्या दाताला बहुधा दोन धारदार कडा असतात आणि मूळ चांगलं फुगीर. (मूळही चिकटवलेलं असू शकतं, सांधा नीट तपासा.) तरी सगळे मोसासॉर एका छापाचे नाहीत: त्यांच्यातल्याच ग्लोबिडेन्सचे दात शिंपले फोडायला गोलसर, प्रोग्नाथोडॉनचे जाडजूड. प्लेसिओसॉरचा दात सडपातळ, बाकदार, बव्हंशी गोल छेदाचा आणि अंगावर बारीक उभ्या रेघा. इक्थिओसॉरच्या दाताच्या मुळाशी उभ्या घड्या दिसतात. मगरींच्या नातलगांचे आणि एन्कोडस माशाचे दातही त्याच खाणींत निघतात आणि भलत्याच नावाने खपतात.

आणि ठिकाण विचारायचंच. इक्थिओसॉर सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच संपले, तर मोरोक्कोच्या त्या फॉस्फेटचे सर्वांत जुने थर साधारण ७ कोटी वर्षांचे. ‘इक्थिओसॉरचा दात, मोरोक्को फॉस्फेट’ अशी चिठ्ठी दिसली तर दाताकडे बघायचीसुद्धा गरज नाही.