‘कामगाराला काढताच येत नाही’ म्हणे!

कामगार कायद्यांचा विषय निघाला की एक फॉरवर्ड हमखास येऊन आदळतो. त्याचा मथितार्थ असा: कारखाना जरा मोठा झाला की मालकाला कुणालाही काढता येत नाही, याच कायद्यांनी मुंबईच्या गिरण्या बुडवल्या, म्हणूनच महाराष्ट्रात गुंतवणूक येत नाही, कायदे काढून टाका, नोकऱ्या आपोआप येतील.

‘काढताच येत नाही’

सगळा डोलारा या वाक्यावर उभा आहे, म्हणून जरा सविस्तर. बोट दाखवले जाते ते 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या प्रकरण 5-ब कडे. ऐन आणीबाणीत, 1976 साली, ते 300 कामगारांच्या मर्यादेने आले आणि पुढे ही मर्यादा 100 वर आणली गेली. ले-ऑफ (कामगारांना तात्पुरते घरी बसवणे), कपात किंवा कारखाना बंद करण्याआधी सरकारची परवानगी घ्या, असे ते सांगत असे. 60 दिवसांत सरकारने उत्तर दिले नाही तर परवानगी मिळाली असे धरायचे. मुख्य म्हणजे ते फक्त कारखाने, खाणी आणि मळ्यांसाठी होते. मॉल, हॉटेल, खासगी इस्पितळ यांचा त्याच्याशी कधी संबंधच आला नाही. मर्यादेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांत तर एक महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार दिला की कपात करता येते.

मोठ्या कारखान्यांत काय होते, ते चाकण, रांजणगाव किंवा वाळूजच्या कोणत्याही गेटवर पाळी सुटताना विचारा. कंपनी रोलवरचे किती आणि ठेकेदाराचे किती? देशातल्या संघटित कारखान्यांत आज शंभरातले साधारण चाळीस कामगार ठेकेदारामार्फत येतात. या शतकाच्या सुरुवातीला हा आकडा विसाच्या आसपास होता. शिवाय ट्रेनी वेगळे. 240 दिवस भरले की नोटीस-भरपाईचा हक्क लागू होतो, म्हणून त्याआधीच ‘ब्रेक’ द्यायचा आणि पुन्हा नव्या नावाने घ्यायचे, हे तर तिथे पोरासोरांनाही ठाऊक असते. माणसांना वर्षानुवर्षे हंगामी ठेवणे ही अनुचित प्रथा आहे, असे महाराष्ट्राचा 1971 चा कायदा स्पष्ट सांगतो. पण ते कोर्टात सिद्ध करायचे कुणी? ज्याला ब्रेक मिळालाय त्याने, खिशातले पैसे घालून. ज्यांना काढता येत नाही असे म्हणतात, ती माणसे दर सात-आठ महिन्यांनी निघतच असतात.

‘गिरण्या कायद्यांनी बुडवल्या’

18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यांच्या मागण्यांत पगारवाढ आणि बोनस तर होताच, पण 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, हीसुद्धा एक मागणी होती. कारण त्या कायद्याखाली मालकांशी बोलण्याचा अधिकार फक्त मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगार युनियन नेते दत्ता सामंतांच्या मागे गेले तरी कायद्याच्या लेखी सामंत कुणीच नव्हते. म्हणजे कायद्याने हात बांधले होते ते कामगारांचे. कित्येक मालकांनी यंत्रे बदललीच नव्हती आणि कापडाचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आधीच सरकत होते. संप चुकला की बरोबर होता, यावर गिरणगावात अजूनही वाद होतात आणि व्हावेत. पण परवानगीची अट 1976 पासून पुस्तकात असूनही संपानंतर लाखाच्या घरात कामगार पुन्हा गेटच्या आत गेलेच नाहीत. अट एवढी पोलादी असती तर हे कसे झाले असते?

‘गुंतवणूक येत नाही’

गेली काही वर्षे देशातल्या थेट परकीय गुंतवणुकीपैकी सुमारे 30 टक्के एकट्या महाराष्ट्रात येते. त्यातला मोठा वाटा कारखान्यांचा नसून सेवा क्षेत्राचा आहे, हेही सांगायला हवे. पण ‘येत नाही’ हे खोटेच.

‘कायदे काढा, नोकऱ्या येतील’

इथे बेस्ली आणि बर्जेस या अर्थतज्ज्ञांचा 2004 चा निबंध पुढे केला जातो: ज्या राज्यांनी कामगारांच्या बाजूने दुरुस्त्या केल्या, तिथे संघटित कारखानदारी मागे पडली, असा त्याचा निष्कर्ष. मात्र त्याच निबंधाच्या वर्गवारीत महाराष्ट्र आणि गुजरात कामगारधार्जिणे ठरतात आणि केरळ मालकधार्जिणे! अर्थतज्ज्ञ आदित्य भट्टाचार्जी यांनी ही वर्गवारी उसवून दाखवली. गुजरातवर तो शिक्का 1973 च्या एका किरकोळ दुरुस्तीमुळे बसला होता. राजस्थानने 2014 मध्ये परवानगीची मर्यादा 100 वरून 300 केली, पण म्हणून मुंबई-पुण्याचे कारखाने उठून तिकडे गेले नाहीत. केंद्राच्या नव्या संहितेनुसार 21 नोव्हेंबर 2025 पासून देशभर मर्यादा 300 झाली आहे. तेव्हा त्या जुन्या अटीच्या नावाने खडे फोडायलाही फारशी जागा उरलेली नाही.

फॉरवर्डमधली एक तक्रार मात्र खरी आहे. दहा-पंधरा माणसांचे वर्कशॉप चालवणाऱ्याला रजिस्टरे, रिटर्न आणि इन्स्पेक्टरच्या फेऱ्यांचा जाच होतो, आणि आकडा कागदावर दहाच्या आत ठेवण्यासाठी एका शेडच्या दोन शेड दाखवल्या जातात. त्यावर इलाज हवाच. फक्त रजिस्टरे कमी करा ही एक मागणी झाली, आणि नोटीस व भरपाई काढून टाका ही दुसरी. पहिलीला मिळालेली सहानुभूती दुसरीच्या खात्यावर जमा करायची, हा या मजकुराचा खरा उद्योग आहे.