सीट चाळीस

परवा मोटारसायकलवर कुर्ल्याच्या सिग्नलला थांबलो असताना शेजारच्या रिक्षातून पाच-सहा वर्षांच्या एका मुलाने मला बराच वेळ निरखून पाहिले आणि आपल्या आईला खणखणीत आवाजात विचारले, "आई, ते काका शी करायला बसल्यासारखे का बसलेत?" आईने त्याला तत्काळ दटावले, हे तिच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे; मात्र दटावताना ती जे बोलली ते मुलाच्या प्रश्नापेक्षा अधिक झोंबले. ती म्हणाली, "असं बोलू नये बाळा. त्यांची गाडी जुनी आहे." सिग्नल सुटायला अजून चाळीस सेकंद होते आणि ते खांबावरच्या आकड्यांत एकेक करून कमी होताना मी पाहत राहिलो.

माझी उंची ६ फूट १ इंच आहे आणि गाडी २००४ सालची, शंभर सीसीची आहे. घेतली तेव्हा मी तिशीत होतो आणि गुडघे सांगितल्याबरोबर वाकत असत. मोटारसायकलवर माणूस तीन ठिकाणी टेकतो, हात हँडलला, बैठक सीटला आणि पाय फूटरेस्टला. या तिन्हींतली अंतरे एका कल्पित मध्यम माणसाला धरून ठरलेली असतात. त्यात सीटचा फोम वीस वर्षांत इतका बसला होता की खालच्या पत्र्याचा आकार मला पाठ झाला होता. सीट जितकी खचली तितके गुडघे वर आले, आणि अलीकडे यू-टर्न घेताना आधी गुडघा बाहेर काढायचा आणि मग हँडल वळवायचे, असा क्रम मला पाळावा लागत होता. गुडघा बाहेर काढला की मी उतरतो आहे असे समजून मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतो.

त्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी पान्यांची पिशवी उघडून बसलो. प्रथम हँडलच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल थोडे वर फिरवले. गुडघ्याला बोटभर जागा मिळाली. मात्र हे केल्यावर गाडी सुरू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे लागते, कारण वळवताना इंजिन आपोआप गुरगुरू लागले तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात आहे असे समजायचे असते. माझे इंजिन गुरगुरले. केबलची वाट बदलून ते शांत केले. मग गिअरच्या लिव्हरकडे वळलो. तो दातेरी शाफ्टवर बसवलेला असतो. दहाच्या पान्याने बोल्ट काढला की ओढून एक दाता पुढे किंवा मागे बसवता येतो. एक दाता पुढे झुकवल्यावर पंजा सुखावला आणि मागचा दांडा टाचेला टोचू लागला. एक दाता मागे घेतल्यावर टाच सुखावली आणि पंजा आभाळाकडे पाहू लागला. अर्ध्या दात्याची सोय नाही, त्यामुळे लिव्हर मूळ जागी परतला. फूटरेस्ट खाली घ्यावे, तर ब्रेकचे पेडल आणि गिअर वरच राहतात, शिवाय आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर ते घासणार हे नक्की. उरला एकच मार्ग, सीट उंच करणे. सीट वर गेली की मांडी आणि पोटरी यांच्यातला कोन उघडतो, आणि पाय जमिनीला टेकतील की नाही ही इतरांची चिंता मला नाही.

म्हणून मी सीएसटी रोडवर गेलो. कुर्ल्याच्या या रस्त्यावर गाडीचा कोणताही अवयव मिळतो असे म्हणतात, आणि कधी कधी तो आपल्याच गाडीचा असतो असेही म्हणतात. सीटवाल्याचा गाळा पलंगाएवढा होता, त्यामुळे सारे काम फुटपाथवर चालले होते. पोरगा विशीतला असेल. त्याने सीट उपसली, कव्हरच्या पिना पकडीने उचकटल्या, आत डोकावून "साहेब, यात फोम नाही, आठवण राहिलीय फक्त" असे सांगितले आणि तो घट्ट फोम आणायला निघून गेला. शेजारच्या वेल्डिंगवाल्याने दरम्यान चेसिस कापून चार इंच पुढे ओढून देण्याची तयारी दाखवली. आरसी बुकातल्या नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे करता येत नाही, हे मी त्याला सांगितले. "कापल्यावर कळत नाही," असे त्याने मला सांगितले.

गाळ्याच्या तोंडाशी स्टुलावर एक सत्तरीचे गृहस्थ कटिंग पीत बसले होते. गळ्यात मोजपट्टी होती. येणारा-जाणारा त्यांना "मास्तर" म्हणत असल्यामुळे ते निवृत्त शिक्षक असावेत आणि मोजपट्टी ही भूमितीची जुनी सवय असावी, असे मी ठरवून टाकले होते. त्यांनी मला वरून खाली आणि पुन्हा खालून वर पाहिले, ग्लास ठेवला आणि विचारले,

"सीट किती?"

"मोजलेली नाही," मी म्हणालो. "जमिनीपासून साधारण ७८० मिलिमीटर असावी."

मास्तरांनी दयेने मान हलवली, उठून माझ्या मागे गेले आणि मला काही कळायच्या आत मोजपट्टी माझ्या नितंबांभोवती आवळली. "सीट चाळीस," त्यांनी गाळ्याच्या दिशेने पुकारले. फोम घेऊन परतलेल्या पोराने पुठ्ठ्यावर लिहून घेतले.

"अहो, गाडीची सीट!" मी म्हणालो.

"गाडीची तो बघेल. मी बसणाऱ्याची बघतो."

मास्तर परळच्या एका टेलरकडे बत्तीस वर्षे पँट कटर होते. रेडीमेड आले, गिरण्या गेल्या, दुकान गेले, मास्तर जावयाकडे कुर्ल्याला आले आणि घरात करमत नाही म्हणून रोज या गाळ्यावर येऊन बसू लागले. पोरगा त्यांचा कुणी नव्हता. इथे त्यांचे काही काम नव्हते, आणि ते काम ते पूर्ण गांभीर्याने करत होते. त्यांनी माझी कंबर घेतली, मांडी घेतली, गुडघा घेतला, मोहरीसुद्धा घेतली, म्हणजे पँटच्या पायाचा खालचा घेर. सीट बनवायला मोहरीचा काय संबंध, असे मी विचारल्यावर "सवयीने" एवढेच उत्तर मिळाले. लंगोटाचे माप मात्र मी घेऊ दिले नाही. त्यावर त्यांना वाईट वाटले.

"बसा," ते म्हणाले. मी त्यांच्या स्टुलावर बसलो. त्यांनी उकिडवे बसून कुल्ल्याच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत पट्टी ताणली, दोनदा खात्री केली आणि मोठ्याने म्हणाले, "मांडी साडेचोवीस! अरे, साडेचोवीस आहे!"

एव्हाना वाहतूक तुंबलेली होती आणि बेस्टची एक बस बरोबर आमच्यासमोर उभी राहिली होती. खिडकीतल्या सर्वांना माझ्या मांडीचे माप कळले. एका बाईंनी शेजारणीला कोपराने ढोसले.

"हे बघा साहेब," मास्तर मोजपट्टी गुंडाळत म्हणाले, "गाडी म्हणजे रेडीमेड पँट. कंपनी एक माप धरते आणि कापते. पण आम्ही पँट शिवायचो तेव्हा आत मार्जिन सोडायचो, अर्धा-पाऊण इंच. गिऱ्हाईक सुटलं तर उसवून मोठी करता यायची. गाडीवाले मार्जिनच सोडत नाहीत. हा गुन्हा आहे."

हे मला मनापासून पटले. गेली वीस वर्षे मी हेच म्हणत होतो, फक्त मला शब्द सापडत नव्हता. मी त्यांना चहा सांगितला. चहा येताच त्यांनी भर घातली, "पण खरं सांगायचं तर दोष गाडीचा नाही. मांडी तुमची जास्त आहे."

इथे मी चहा रद्द करायला हवा होता.

मांडी माझी जास्त आहे, हे मी शाळेच्या बाकापासून ऐकत आलो आहे. बाक लहान नसतो, नाट्यगृहातल्या रांगा जवळ नसतात, एसटीच्या सीटी दाटीने लावलेल्या नसतात. दर वेळी मांडी जास्त असते. शिवाय मला सीटला अडीच इंच फोम का लागावा, याचे सगळे कारण माझ्या शरीरात शोधण्याची गरज नाही. गुळगुळीत रस्ता म्हणून या शहराने जे जे बांधले, तिथे आम्हाला मज्जाव आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला, दुचाकींना बंद. अटल सेतू २०२४ मध्ये खुला झाला, दुचाकींना बंद. त्याच वर्षी कोस्टल रोड सुरू झाला, तोही बंद. जे.जे.च्या पुलावर तर फलकच लावला आहे. आमच्या वाट्याला खालचा रस्ता, त्यातले पेव्हर ब्लॉक आणि दोन ब्लॉकांमधली ती फट, जिच्यात पुढचे चाक शिरले की ट्राम चालवल्यासारखे वाटते. यात सुरक्षेचे कारण असेल, वाऱ्याचे असेल. पण खड्ड्यात दुचाकीला वारा लागत नाही म्हणून ती सुरक्षित, हा हिशेब मला अजून कुणी समजावलेला नाही. वर गाडी पंधरा वर्षांची झाली म्हणून पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर. मी दोनदा भरला. दोन्ही वेळा पावती गुडघ्यावर ठेवून सही केली, टेबलापेक्षा ती जागा उंच होती.

असो. पोराने दोन तासांत काम केले. घट्ट फोमचा थर खाली, मऊ वर, सोल्युशनने चिकटवून करवतीच्या पात्याने आकार दिला. पुढे टाकीकडे उतार ठेवला तर माणूस ब्रेकसरशी घसरत टाकीवर जातो, म्हणून बैठक सपाट ठेवायची आणि किंचित मागे सरकवायची, ही सूचना मास्तरांची होती आणि ती अचूक होती, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. १,४०० रुपये झाले. घरी येताना गुडघे टाकीच्या खाली राहिले, यू-टर्न एका दमात घेता आला आणि रिक्षात शेजारी कुणी मूल आहे का, हे मी मुद्दाम पाहिले. नव्हते. बायको मागे बसल्यावर म्हणाली की, पूर्वी तुझ्या खांद्यावरून रस्ता दिसायचा, आता शर्टाची शिवण दिसते.

चौथ्या दिवशी पाऊस लागला. नव्या कव्हरला पोराने हौसेने दुहेरी शिवण मारली होती, आणि सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत गेले. सकाळी सीट फडक्याने पुसून कोरडी केली, हात फिरवून पाहिली आणि बसलो. फोमने रात्रभर साठवलेले सारे माझ्या स्वाधीन केले. ऑफिसात मी त्या दिवशी कुणालाही पाठ दाखवली नाही. लिफ्टमधूनसुद्धा उलटा चालत बाहेर आलो.

संध्याकाळी तडक सीएसटी रोड गाठला. मास्तर स्टुलावर होते. मी समोर जाऊन उभा राहिलो तरी ओळखले नाही. "बोला साहेब, काय काम?" असे परक्यासारखे विचारले. मी सांगू लागलो, तेवढ्यात ते नेहमीप्रमाणे मागे गेले, पट्टी आवळली आणि थांबले.

"चाळीस," ते हळू म्हणाले. मग मला स्टुलावर बसवून त्यांनी मांडी मोजली आणि त्यांचा चेहरा उजळला. "साडेचोवीस! अहो, तुम्ही होय! मघाशी सांगायचं नाही का?" त्यांनी ओली पँट चिमटीत धरून पाहिली, बोटे धोतराला पुसली आणि आत हाक मारली, "अरे, त्या साडेचोवीसवाल्या साहेबांच्या सीटला आतून प्लास्टिक लाव. मी तेव्हाच म्हणालो होतो, अस्तर पाहिजे."

तेव्हा ते असे काहीही म्हणाले नव्हते.