पोलला एरंडेल लावू नका : एका फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : पोल फिटनेस, म्हणजे उभ्या धातूच्या नळीवर चढून-लटकून जे करतात ते, हा व्यायाम नव्हेच, तो बारमधला नाच. तिथे कपडे कमी घालायला आणि मंगळसूत्र काढायला लावतात. वजन 55 किलोच्या वर किंवा वय 35 च्या पुढे असेल तर नादी लागू नये. हात घसरत असतील तर मल्लखांबासारखं एरंडेल लावावं. अंगावर निळे डाग उठले की शिरा फुटल्या समजावं. आणि क्लासला पैसे घालवण्यापेक्षा घरातच पोल उभा करून व्हिडिओ बघत शिकावं. यातला एक सल्ला थेट मान मोडणारा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

एरंडेल. मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा असतो, बुंध्याला जाड आणि वर निमुळता. खेळाडू त्याला मांड्या आवळून वेगाने सरकतो, म्हणून कातडी सोलवटू नये यासाठी घर्षण थोडं कमी करावं लागतं. एरंडेल त्यासाठी आहे आणि ते लाकडात मुरतं. पोल म्हणजे साधारण 45 मिलीमीटर व्यासाची क्रोमची, स्टीलची किंवा पितळेची गुळगुळीत नळी. तेल तिच्यात मुरत नाही, पातळ थर होऊन वरच राहतं. उलटं लटकलेल्या माणसाला तोलून धरते ती फक्त कातडी आणि धातू यांच्यातली पकड. ती तेलाने गेली की डोकं आधी खाली येतं.

घसरण थांबवायची तर आदल्या रात्रीपासून अंगाला खोबरेल, लोशन, उटणं काही लावायचं नाही. दिवाळीत अभ्यंग झालेल्या दिवशी सरळ सुट्टी घ्यावी. सुती कापडावर मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट घेऊन पोल वरून खालपर्यंत पुसावा आणि तासाभरात निदान तीन-चार वेळा पुन्हा पुसावा. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा घरात पुसताना जवळ समई-निरांजन तेवत नाही ना हे बघा. रंगाचा थर दिलेला पोल असेल तर स्पिरिट चालतं का, हे त्याच्या पुस्तिकेत आधी वाचा.

हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. पावसाळ्यात खानापूरकडच्या दमट हवेत तळवे ओले राहतात. तिथे लिक्विड चॉक, म्हणजे हातावर वाळून पांढरी भुकटी मागे ठेवणारा द्रव, उपयोगी : वाटाण्याएवढं घ्यायचं, चोळायचं आणि पूर्ण वाळल्यावरच पोलला हात लावायचा. जानेवारीतल्या सकाळी मामला उलटा असतो. पोल गार, कातडी कोरडी, आणि नवशिकी मंडळी घसरतंय म्हणून चॉकवर चॉक थापत बसतात. चॉक घाम शोषतं. घामच नसेल तर ते पकड आणखी घालवतं. अशा दिवशी अंग चांगलं तापू द्या आणि कोरड्या कापडाने पोल घासून कोमट करा.

कपड्यांचा आक्षेप याच पकडीतून सुटतो. मांडी, पोटरी, गुडघ्यामागची खोबण, कोपराची घडी या जागांनी पोल धरायचा असतो आणि लेगिंग्ज त्यावर साबणासारखी घसरते. सर्कशीतल्या चायनीज पोलवर रबराचं आवरण असतं, तिथे कलाकार अंगभर कपडे घालतात, कारण उघडी कातडी रबरावर भाजते. म्हणजे पोशाख ठरतो तो खांब कशाचा आहे त्यावर. तालमीत मल्लखांबावर मुलं लंगोटावर चढतात, त्याला कोणी बेशरमपणा म्हणत नाही. पहिले तीन-चार आठवडे तर गुडघ्याच्या वरपर्यंतची शॉर्ट्स आणि टी-शर्ट पुरतो. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढायला सांगतात हे खरं, आणि ते सांगायलाच हवं. गळ्यातली सर पोल आणि छाती यांच्यात अडकून आवळते, अंगठीने बोट चेपतं, जोडव्याने पोलवर ओरखडा उठतो आणि पुढची बाई त्याच ओरखड्यावर मांडी कापून घेते. काढलेले दागिने ठेवायला सोबत एक छोटी चेनची पिशवी ठेवा.

आता वजन. लटकताना जड माणसाच्या हातावर ओढ जास्त येते, हे मान्य. पण नवशिक्याचं पहिलं महिनाभराचं काम हातांवर चालत नाही, पायांवर चालतं, आणि मांड्यांनी पोल आवळून बसण्याच्या आसनात मांडीचं मांस पकड वाढवतंच. साधी चढण घेऊन बघा. पोलकडे तोंड, दोन्ही हात डोक्याच्या वर. उजव्या पायाची नडगी पोलला तिरकी टेकवायची : घोटा पोलच्या डाव्या अंगाला, गुडघा उजव्या अंगाला, पाऊल वर ओढून आकड्यासारखं अडकवलेलं. डावा पाय पलीकडून आणून पोटरीने पोल आपल्याकडे दाबायचा. दोन्ही पायांच्या चिमट्यात पोल आवळला की कंबर सरळ करत पायांवर उभं राहायचं आणि मग हात वर सरकवायचे. चुकतं ते दोन जागी. पावलाची बोटं सैल सुटतात आणि नडगी घसरते, किंवा उभं राहण्याऐवजी हातांनीच ओढायला जातात आणि दोन चढणींत हात संपतात. नडगीला पहिले काही दिवस झोंबतं. ते सगळ्यांनाच झोंबतं, बारीक असो की जाड.

ताकद कमवून मग या, असं सांगणाऱ्यांनी ताकद कशी येते ते पाहावं. दोन्ही हातांनी पोल धरा, पाय जमिनीला हलके टेकलेले ठेवा, खांदे कानांपासून खाली ओढा आणि 10 सेकंद थांबा. असं तीनदा. खांदा कानाला भिडला तर मोजणं तिथेच बंद करा, कारण मग वजन स्नायूंवरून निघून सांध्यावर जातं. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान 48 तासांची विश्रांती, आणि प्रत्येक चाल दोन्ही बाजूंनी. आवडत्या एकाच बाजूने फिरत राहिलं तर एक खांदा आणि एक मनगट कुरकुरू लागतं. उलटं होणं लगेच नको. आखडलेले गुडघे छातीशी धरून 5 ते 10 सेकंद लटकता येईल, तेव्हा शिक्षकांच्या हाताखाली सुरू करा, आणि पाय झटक्याने वर फेकून कधीच नाही. पोलची वजनमर्यादा पुस्तिकेत लिहिलेली असते, ती मात्र प्रत्येकाने वाचावी.

वयाला एकच उत्तर : 35 नंतर स्नायूबंध सावकाश तयार होतात, म्हणून पायऱ्या लांबवायच्या. अट आजारांची आहे. काचबिंदू, दृष्टिपटलाचा त्रास, ताब्यात नसलेला रक्तदाब, घसरलेली चकती, ठिसूळ हाडं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि शिक्षकांनाही स्पष्ट सांगा. पाळीत चाललंय तर करावं, नकोसं वाटलं तर राहू द्यावं.

निळे डाग म्हणजे कातडीखालच्या बारीक केशवाहिन्या दाबाने फुटून साकळलेलं रक्त. मांडीच्या आतल्या बाजूला, नडगीवर, पावलाच्या वर उठतात, निळ्याचे हिरवट-पिवळे होत साधारण दोन आठवड्यांत जातात. पहिल्या दिवशी कापडात गुंडाळलेला बर्फ 10 मिनिटं धरा, चोळू नका, आणि ती जागा बरी होईतो दुसरी चाल करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, न दबलेल्या जागी डाग उठत असतील किंवा बधिरपणा येत असेल, तर मात्र दवाखाना गाठा.

बारमधल्या नाचाबद्दल खरं तेच बोलू. आजच्या कित्येक चाली पाश्चात्त्य देशांतल्या क्लबमधल्या नर्तकींनी घडवल्या. ती त्यांची मेहनत आहे, ती लपवायचं कारण नाही. त्यातून पुढे स्पर्धेचा खेळ उभा राहिला : आंतरराष्ट्रीय पोल स्पोर्ट्स फेडरेशन 2009 मध्ये स्थापन झालं आणि 2017 मध्ये जागतिक क्रीडा महासंघांच्या संघटनेने त्याला निरीक्षक दर्जा दिला. खांबावर अंग तोलणं आपल्याला परकं म्हणणं तर सीमाभागात शोभत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 12व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लस्तंभ येतो, आणि ती कल्याणी आजच्या बीदर जिल्ह्यात आहे. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. आपण ज्याला तालीम म्हणतो आणि शेजारचा कन्नड माणूस गरडी मने म्हणतो, तिथे वाढलेल्या मुलीला पोलवरची मांडीची पकड लवकर उमगेल. फक्त अंगाला तेल लावून येऊ नये.

राहिला घरचा पोल. दाबून बसवायचा पोल दोन टोकांच्या ताणावर उभा असतो, म्हणून वर पक्का स्लॅब हवा, शक्यतो तुळईखालची जागा. मंगलोरी कौलं, पत्रा, पीओपीचं खोटं छत यांच्याखाली तो कितीही आवळला तरी एक दिवस सुटणारच. पावसात ओल धरलेल्या, पोपडे सुटलेल्या स्लॅबखालीही नको. पोल ओळंब्यात आहे का ते लेव्हलने दोन बाजूंनी बघा, भोवती दीड-दोन मीटर मोकळं ठेवा, आणि रोज सुरू करण्याआधी छातीच्या उंचीवर धरून जोराने हलवा. किंचितही हलला तर त्या दिवशी चढायचं नाही, आधी आवळायचं. व्हिडिओ बघून चाल समजते, पण आपला खांदा कानाला लागलाय हे व्हिडिओ सांगत नाही. निदान पहिले दोन-तीन महिने कोणाच्या तरी नजरेखाली काढा. त्यानंतर घरी उलटं व्हायचं तर खाली 10-12 सेंटीमीटर जाडीची गादी हवी आणि हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर घरातलं कोणीतरी हवं.