सायकलवर पैसे घालायचे म्हटलं की आपल्या जिवावर येतं

परवा मिस्त्रीच्या टपरीवर हवा भरायला थांबलो होतो. एक गृहस्थ स्कूटरवरून आले, मागून त्यांचा पोरगा सायकल ढकलत. मागचं चाक डगडगतंय म्हणे. मिस्त्रीनं चाक उचललं, दोन बोटांनी इकडं-तिकडं हलवून बघितलं आणि म्हणाला, "कटोरी गेलीय, छर्रे गेलेत, ॲक्सल बी बदलावं लागतंय. अडीचशे होतील." गृहस्थ म्हणाले, "सायकलला अडीचशे? उगं काय बी सांगू नका." पोरगा सायकल ढकलत परत गेला. त्या स्कूटरच्या मागच्या सर्व्हिसिंगला किती मोजले, हे विचारायचं फार ओठावर आलं होतं. नाही विचारलं.

मी गेली नऊ वर्षं सोलापुरात सात रस्त्याजवळून अक्कलकोट रोड एमआयडीसीला सायकलनं जातो. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. हेल्मेट-चष्मा घालून रविवारी पन्नास किलोमीटर जाणाऱ्या मंडळींतला मी नाही (त्यांच्याबद्दल तक्रार नाही, सकाळी पाचला उठतात हेच खूप आहे). माझी साधी काळी 28 इंची, रॉड ब्रेकची, मागं कॅरियर. रोज डबा, छत्री आणि मी. तर नऊ वर्षांचा अनुभव असा, की सायकल चालवून खराब होत नाही. ती स्वस्त असते, म्हणून तिच्याकडं बघायचंच नाही असं आपण ठरवून टाकतो, तिथं ती मरते.

हवेचंच घ्या. आपल्याकडं उन्हाळा लागला की हमखास सल्ला मिळतो, "हवा कमी ठेवा, उन्हात फुटतंय." मीही दोन उन्हाळे ऐकला. मग एकदा बसून गणित मांडलं. सकाळी 25 अंशाला 50 पौंड हवा भरली आणि दुपारी टायर 45 अंशाला गेला, तर हवेचा दाब होतो 54 च्या आसपास. चार पौंडानं धड टायर फुटत नसतो. फुटतो तो आधीच कडेला चिरलेला, आतला दोरा दिसायला लागलेला. उलट हवा कमी असली की खड्ड्यात रिम थेट ट्यूबवर बसते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. शिवाय टायरच्या कडा दुमडून चिरतात त्या वेगळ्याच. म्हणजे फुटू नये म्हणून हवा कमी ठेवायची आणि त्यामुळंच टायर घालवायचा! सायकल उन्हात लावू नका हे मात्र खरं. उन्हानं पंक्चरचं सोल्युशन मऊ होऊन ठिगळ सरकतं आणि वॉल ट्यूब कुजते. हवा भरायच्या तोंडातली ती बोटभर रबराची नळी म्हणजे काही रुपयांचा मामला. पण रात्रीत हवा उतरली की लोक पंक्चर म्हणून अख्खी ट्यूब बाहेर काढतात. आधी वॉलवर थुंकी लावून बघा. बुडबुडा आला तर नळी बदला, संपलं.

चेनचा तर आपण छळ मांडलाय. कोण खोबरेल घालतं, कोण गॅरेजमधलं जळकं ऑइल ओततं. चेन काळी तुळतुळीत दिसली की समाधान. सोलापूरची धूळ त्या ऑइलवर बसली की त्याचा लेप होतो, आणि तो कानशीसारखं काम करतो. तेल हवं कड्यांच्या आतल्या रोळ्यांना, बाहेर नको. मी महिन्यातून एकदा रॉकेल... म्हणजे आता डिझेलच, रॉकेल मिळतंय कुठं... फडक्यावर घेऊन चेन पुसतो, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब प्रत्येक जोडावर सोडतो, पायडल उलटं फिरवतो आणि जुन्या बनियननं बाहेरचं सगळं तेल पुसून काढतो. पातळ तेल पावसात धुऊन जातं. आपला जोराचा पाऊस बहुतेक सप्टेंबरात, तेव्हा हे आठवड्याला करायचं.

आणि घरातली फूटपट्टी चेनला लावून बघा. चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरल्या पाहिजेत. इंचाचा सोळावा भाग वाढल्या तर चेन बदला. इंचाचा आठवा भाग वाढेपर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीचे) दातही त्या लांबलेल्या चेनच्या मापानं झिजलेले असतात. मग नवीन चेन टाकली की ती जुन्या दातांवरून उडते आणि आपण म्हणतो, दुकानदारानं डुप्लिकेट माल दिला.

सगळं स्वतःच करा असं मी म्हणत नाही. माझी एक फजिती सांगतो. डावं पायडल ढिलं झालं म्हणून मी घरीच पाना घेऊन बसलो. घड्याळाच्या दिशेनं आवळतोय, आवळतोय, पायडल काही बसेना. अजून जोर लावला आणि क्रँकचे, म्हणजे पायडल बसतं त्या दांड्याचे, आटेच खाल्ले. मिस्त्रीनं बघितलं आणि हसायलाच लागला. "काय करूलालाव सर! डाव्या पायडलचे आटे उलटे असतात की." चालवताना आपोआप ढिलं होऊ नये म्हणून डाव्या बाजूला उलटे आटे देतात, हे मला चाळिशीत कळलं. क्रँक नवीन, ती घट्ट धरणारी कॉटर पिन नवीन. अक्कलखाती जमा.

त्याच मिस्त्रीचा हात किती जाणता आहे ते त्यानंतर बघितलं. मागचं चाक जड झालं होतं, मला वाटलं ग्रीस संपलं. त्यानं चाक काढलं, फ्रीव्हील उतरवलं आणि चिमट्यानं मागून काहीतरी ओढायला लागला. लाल, पिवळं, हिरवं सूत. ग्रीसनं माखलेलं, वातीसारखं पिळलेलं, ओढेल तेवढं येतंच होतं. अशोक चौकापासून पुढं यंत्रमागांच्या गल्ल्यांतून रोज जातो, रस्त्यावर पडलेले धागे चाकात जाऊन बसले. "पूर्व भागातल्या प्रत्येक सायकलीत निघतंय," म्हणाला, "दोन वर्षं थांबला असता तर चादर निघाली असती." नऊ-नऊ छर्रे दोन्ही बाजूला नवे टाकले, छर्रे दाबून धरणारा कोन (तो नटासारखा असतो) इतका नेमका आवळला की चाक उचलून सोडलं तर वॉलच्या वजनानं हळूच फिरून वॉल खाली येऊन थांबला. हे काम करायला पाऊण तास लागला. मजुरी सांगितली ऐंशी रुपये.

ऐंशी! डफरीन चौकात दोघांनी बसून नाष्टा केला तरी जास्त होतात. मी शंभर दिले तर सुट्टे शोधायला लागला. त्याचा पोरगा मोबाईल दुरुस्ती शिकतोय, आणि मी त्या पोराला दोष कसा देऊ?

असो. 28 इंची चांगल्या कंपनीचा टायर आणि मापाची कॉटर पिन सध्या नवी पेठेत कुणाकडं मिळते का, माहीत असेल तर सांगा. मागचा टायर दिवाळीपर्यंत काढेल असं वाटत नाही.